जातात की जावे?

माणसाने खरे बोलावे, एवढे सांगून नीतीचे काम संपत नाही. आपण बोलतो ते आपल्याला ठाऊक आहे, नुसते वाटते आहे की तसे व्हावे अशी आपली इच्छा आहे, हेही ऐकणाऱ्याला कळायला हवे. या प्रश्नाकडे आम्ही फारसीच्या व्याकरणातून पाहू इच्छितो.

फारसीत प्रधानवाक्यानंतर बहुधा 'के' येतो आणि मग गौणवाक्य. आपला 'की' या 'के'वरूनच आला, असे काही अभ्यासक मानतात. 'के'पुढील क्रियापदाचे रूप पुष्कळदा प्रधान क्रियापदाच्या अर्थावर ठरते. 'मीदानम के मीआयद' म्हणजे 'तो येतो, हे मला ठाऊक आहे'. (इथला 'मी' आपला 'मी' नव्हे, तो क्रियापदाचा उपसर्ग.) 'मीख्वाहम के बियायद' म्हणजे 'त्याने यावे, अशी माझी इच्छा आहे'. जाणण्याच्या क्रियापदामागे स्वार्थी रूप येते. इच्छा, आशा, भीती यांच्यामागे आपल्या विध्यर्थाच्या जवळचे. 'फेक्र मीकोनम', म्हणजे 'मला वाटते', यापुढे 'मीआयद' चालते. पण 'वाटत नाही' म्हटले की बहुधा 'बियायद' येते. खात्री ढळली की रूपही बदलते.

'गोफ्तन', म्हणजे म्हणणे, हे क्रियापद मात्र दोन्ही रूपे घेते. 'गोफ्त के मीरवद': तो जातो, असे म्हणाला. 'गोफ्त के बेरवद': त्याने जावे, असे म्हणाला. पहिली बातमी, दुसरी आज्ञा. फरक एका उपसर्गाचा.

आमच्या मते खरी जोखीम इथेच आहे. 'ते जातात' असे कोणी म्हणाले आणि आपण पुढे सांगताना 'त्यांनी जावे असे म्हणाले' केले, तर शब्द जवळपास तेच राहतात, पण बातमीचा हुकूम होतो. एखाद्याची भीती 'ठाऊक आहे' म्हणून पुढे गेली, की तिची अफवा होते. वस्त्या पेटायला एवढे पुरते.

व्याकरण कोणाला प्रामाणिक करीत नाही. 'मीदानम' म्हणून खोटे बोलणाऱ्याचे वाक्यही शुद्धच असते. पण 'ठाऊक आहे' म्हणणारा पुढच्या वाक्याची हमी घेत असतो, याची आठवण भाषा देते. ती हमी आपल्याला पेलते का, हे बोलण्याआधी तपासणे आपल्या हाती आहे. पेलत नसेल, तर 'वाटते' म्हणण्यात कमीपणा कसला?