प्रसादाला नाही म्हणणारं मूल

यवतमाळजवळच्या आर्णीत प्रसादाला नाही म्हणायची रीत नाही. सत्यनारायणाचा शिरा, गणपतीतली खिरापत, गावपंगतीतले रोडगे आणि वांग्याची भाजी, बाबा कंबलपोशांच्या दर्ग्यावरची नियाज, काहीही असो, हात आपसूक पुढे होतो. दर्ग्यावर हिंदू येतात, मुसलमान येतात, आणि हातावर आलेलं टाकू नये हे दोघांच्याही घरी लहानपणीच शिकवलेलं असतं. अशा गावात तीन वर्षांच्या पोराला दूध किंवा फल्लीदाणा सोसत नसेल, तर त्याच्या आईपुढचा प्रश्न दवाखान्यात संपत नाही. देवाने दिलेलं नाकारायचं कसं?

नाकारण्याच्या या भीतीचं मूळ सत्यनारायणाच्या कथेत आहे. तुंगध्वज राजाने गोपांनी पुढे ठेवलेला प्रसाद टाकला आणि त्याचं वैभव गेलं, मुलं गेली. वाण्याची मुलगी कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि त्याची नाव दिसेनाशी झाली. मात्र कथा नीट ऐकली तर राजाचा अपराध पोटातला नाही, मनातला आहे. गुराख्यांच्या हातचं घ्यायला तो कमीपणा मानत होता. ज्या लेकराचे ओठ दुधाच्या थेंबाने सुजतात, त्याच्या नकारात कसला आलाय अभिमान?

तैत्तिरीय उपनिषद अन्नाची निंदा करू नका, असं व्रत सांगतं. त्याच उपनिषदात अन्न या शब्दाची फोडही आहे: जे खाल्लं जातं आणि जे प्राण्यांना खातं, ते अन्न. पहिला अर्धा भाग आपण पाठ केला, दुसरा विसरलो. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला तो रोज आठवतो. तिने ताटातली वाटी बाजूला सारली तर ती अन्नाची निंदा होत नाही. अन्नाची ताकद तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते.

‘एवढंसं चाखलं तर काय होतं?’ हे आजीचं वाक्य प्रेमाचं असतं, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड जातं. पण एका जुन्या प्रयोगात ते उत्तर आहे. फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या शास्त्रज्ञांनी 1902 साली कुत्र्यांना समुद्री जीवाचं विष थोडंथोडं टोचून पाहिलं. सवयीने अंगवळणी पडेल असा त्यांचा अंदाज होता. झालं उलटंच. आधीचा डोस पचवलेली कुत्री काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने मेली. या शोधासाठी रिशेंना 1913 चं नोबेल मिळालं. शरीर एकदा एखाद्या पदार्थाला शत्रू समजलं की मात्रा किती लहान आहे याचा भरवसा उरत नाही.

याचा अर्थ सगळंच बंद करावं असाही नाही. लंडनमध्ये 640 तान्ह्या मुलांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षापासूनच शेंगदाणा नियमित दिल्यावर पुढे त्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी दिसली. पण चाचणीत आधीच तीव्र प्रतिक्रिया दिसलेली बाळं त्यात घेतलीच नव्हती. आणि हा ॲलर्जी होऊ न देण्याचा उपाय आहे. झालेली ॲलर्जी घरच्या घरी चमच्याने मोडून काढण्याचा नाही.

खायला शिकवण्याच्या उपचारात, म्हणजे फीडिंग थेरपीत, हे सगळं एका घासावर येऊन ठेपतं. जे मूल चार पदार्थांपलीकडे काहीच खात नाही, त्याला नवा पदार्थ आधी नुसता दाखवतात, मग हात लावू देतात, वास, मग जिभेचं टोक. मात्र त्याआधी विचारायला हवं, की हे मूल नको का म्हणतं? तोंडाला खाज सुटते, पोटात दुखतं, हे त्याला सांगता येत नसेल. तोंड फिरवणं हीच त्याची भाषा. म्हणून पदार्थ ॲलर्जीतज्ज्ञाने सुरक्षित ठरवलेल्या यादीतूनच घ्यायचे. रक्ताचा एखादा अहवाल पाहून दूध, गहू, अंडं एकदम तोडणंही चूक, त्याने मूल खंगतं. शंका असेल तर दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली खाऊ घालून पाहतात. घरातल्या पाटावर ही परीक्षा घ्यायची नसते.

चुकून खाल्लं गेलं आणि अंगावर गांधी, ओठ सुजणं, घोगरा आवाज, धाप, लागोपाठ उलट्या, मूल मलूल पडणं, अशी लक्षणं एकत्र दिसू लागली किंवा नुसता श्वास अडला, तरी मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि तेही लगेच. खाजेच्या गोळीने हे थांबत नाही. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथून चाळीसेक किलोमीटरवर, म्हणून 108 ला फोन करून आधी जवळचा दवाखाना गाठायचा. अंगारा लावावा, पण वाटेत.

वसई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांना हा पेच वेगळ्या रूपात माहीत आहे. मिस्सेतल्या भाकरीत गहू असलाच पाहिजे, ग्लुटेन पूर्ण काढलेली चालणार नाही, हे व्हॅटिकनने 2017 मध्ये पुन्हा सांगितलं. पण ज्याला गहू चालत नाही त्याला फक्त द्राक्षारस घेता येतो, आणि त्याचं ग्रहण अपुरं मानलं जात नाही. कुराणातही आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची मुभा आहे. गीतेत तर प्रसाद हा शब्द मनाच्या प्रसन्नतेसाठी किंवा कृपेसाठी येतो, खाण्यासाठी नाही.

मग आर्णीच्या पंगतीत काय करायचं? वाढणाऱ्या बाईने पानात घालण्याआधी विचारायचं, यात दूध आहे, दाणे आहेत, चालेल का? शिऱ्याचा चमचा दुसऱ्या भांड्यात घालायचा नाही. हात साबणाने धुवायचे. नुसत्या सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही. प्रसाद आजीने घ्यायचा, आपल्या कपाळाला लावायचा, नातवासाठी हात जोडायचे. आणि पोराने घरून आणलेला डबा उघडून सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायचं.