हा देह कोणाचा?

यंदा नरसोबावाडीहून परतताना एस.टी.त मी हिला सहज म्हटलं, "देहदानाचा फॉर्म भरीन म्हणतो." बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आणि अहो, तिसऱ्या दिवशी मुलांनी सावडायचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भक्तहो, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो आणि वर स्वतःच्या देहालाही गुरू म्हणतो. हा देह शेवटी दुसऱ्यांचाच, असं जाणून तो निःसंग फिरतो. याच आधारावर मी देहदानाचा विचार केला होता. पण अवधूत बोलतो ते स्वतःच्या देहाविषयी. दुसऱ्याच्या देहाकडे बघून तेच म्हटलं, तर ते वैराग्य कसलं? ती तर लूट झाली.

मला इशीची हकीकत आठवली. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी एक एकटा, उपाशी माणूस सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या याही जमातीची कत्तल केली होती. उरलेला हा शेवटचा. आल्फ्रेड क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवलं. आपलं नाव आपण उच्चारायची त्याच्या लोकांत रीत नव्हती. माझी आजी उखाण्याशिवाय आजोबांचं नाव घेत नसे, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. त्याने नाव शेवटपर्यंत सांगितलंच नाही. क्रोबर त्याला इशी म्हणू लागले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस.

२५ मार्च १९१६ रोजी तो क्षयाने गेला. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. त्याच्या देहाची चिरफाड करू नका, असं त्यांनी कळकळीने लिहिलं, पण पत्र पोचायला उशीर झाला. देहाला अग्नी दिला, मेंदू मात्र काढून ठेवला. आणि पुढच्याच वर्षी त्याच क्रोबरांनी तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे धाडला! हे मला फार लागलं. माणूस वाईट नव्हता हो. पण मित्राचा देह एकदा 'नमुना' झाला की हात वेगळे चालतात. आपण चितेतल्या हाडांना हाडं म्हणत नाही, अस्थी म्हणतो, आणि मग त्या जपून उचलतो. तो मेंदू २००० साली त्याच्या नात्यातल्या जमातींच्या हाती आला. त्यांनी तो राखेसह त्याच्याच मुलखात पुरला. जागा कोणाला सांगितली नाही.

मी हिला म्हटलं, "इशीला कोणी विचारलं नव्हतं. मी तर आपणहून देतोय."

"ते खरं," ती म्हणाली, "पण तिथली मुलं तुम्हाला काय म्हणतील? नाव थोडंच ठाऊक असणार त्यांना!"

फॉर्मवर घरच्यांचीही सही लागते. तो सध्या देवघरात, महाराजांच्या तसबिरीखाली ठेवलाय. माझी सही झाली आहे.