देणगीची पावती आणि सोयरीक

महाराष्ट्राला आपल्या कुष्ठसेवेचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम उभे केले, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन वसवले, १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. ज्यांना घरच्यांनी घराबाहेर काढले होते, त्यांना या माणसांनी जवळ केले. पण या अभिमानाआड आपण एक सोय करून घेतली आहे. सेवा करणारे तिकडे दूर कुठेतरी आहेत, आपण देणगी पाठवतो, झाले आपले कर्तव्य! अशी पावती फायलीत जपून ठेवणारे घर मुलाची सोयरीक ठरवताना ‘मुलीच्या वडिलांना म्हणे ते होते’ एवढे कानावर आले की पत्रिका जुळत नसल्याचे कळवून मोकळे होते.

ज्या जंतूला आपण एवढे भितो, तो मायकोबॅक्टेरियम लेप्री खरे तर जंतूंच्या जगातला एक दुबळा जीव आहे. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात आर्मॉर हॅन्सनने तो १८७३ मध्ये शोधला, पण आजवर प्रयोगशाळेच्या काचपात्रात त्याला कोणी वाढवू शकलेले नाही. वाढवायचाच तर उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलोच्या अंगात वाढवावा लागतो. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच उलगडला, तेव्हा त्यातला निम्म्याहून कमी भागच कामाचा उरल्याचे दिसले. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. बहुतेकांचे शरीर त्याला मुळातच दाद देत नाही. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना हा रोग होऊच शकत नाही, असे मानले जाते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासात तो नाकातोंडातल्या तुषारांवाटे पसरतो. हस्तांदोलनाने नाही, पंगतीत शेजारी बसल्याने नाही आणि पूर्वजन्मीच्या पापाने तर नाहीच नाही.

मग अशा जंतूने माणसांचे हातपाय वाकडे केले कसे? तो शरीराच्या थंड भागांतल्या नसांत शिरतो, नसांना वेढणाऱ्या पेशींत ठाण मांडतो आणि वाट पाहतो. लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, कधी वीसही. मग एखादा फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही, उलट तिथे स्पर्शच कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि शंका आली की भीतीने आणखी थांबतो. बाई असेल तर पाठीवरचा चट्टा नवऱ्यापासूनही लपवते. तपासणीला आलेल्या आशाताईला हात, चेहरा दाखवला जातो. पदराआडचे, कमरेखालचे दाखवले जात नाही. तोवर कोपराजवळची नस जाड होते, बोटे आखडू लागतात, पायाला काच लागली तरी कळत नाही. जखम चिघळते, हाड झिजते आणि लोक म्हणतात, बोटे झडली. या विकृतीतला मोठा वाटा जंतूच्या चपळाईचा नाही, आपण त्याला दिलेल्या वेळेचा आहे.

औषधाची तर रड नाहीच. एके काळी कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शने टोचत. मग डॅप्सोन आले, पण त्या एकट्या औषधाला जंतू दाद देईनासा झाला. म्हणून १९८०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित उपचार सुचवला. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून अधिक असतील तर बारा. अठ्ठावीस दिवसांचे पाकीट प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. रिफॅम्पिसिनच्या पहिल्याच डोसात अंगातले बहुतेक सगळे जिवंत जंतू मरतात. म्हणजे गोळी सुरू केलेल्या माणसाला घराबाहेर काढणारे घर नेमके अशा वेळी त्याला काढते, जेव्हा त्याच्यापासून कोणालाच धोका उरलेला नसतो.

यात एक अडचण खरी आहे. क्लोफाझिमिनने कातडी काळपट-तांबूस होते. उपचार संपल्यावर हा रंग हळूहळू जातो, म्हणून डॉक्टरला ही बाब किरकोळ वाटते. पण पंचक्रोशीत सगळे ओळखीचे असतात, तिथे तो रंगच चहाडी करतो आणि पाकीट अर्ध्यावर सुटते. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही कधी चट्टे सुजतात, नस ठणकते. ही शरीराची प्रतिक्रिया असते, तिच्यावर वेळीच प्रेडनिसोलोन दिले तर हातपाय वाचतात. ‘औषध बाधले’ म्हणून घरी बसलेल्याचे वाचत नाहीत.

कायद्याची गोष्ट आणखी लाजिरवाणी. १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट रुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देत होता. संसदेने तो रद्द केला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात २०१९ पर्यंत नांदत होते. वर्षभरात बरा होणारा आजार, आणि त्यावरून संसार मोडायची सोय साडेतीन दशके पुस्तकात तशीच! त्यातच डिसेंबर २००५ मध्ये देशाने दर दहा हजारी एकाहून कमी रुग्ण हे लक्ष्य गाठले, निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले आणि आपण सगळे निवांत झालो. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास.

म्हणून मला वाटते, वसाहतींचा गौरव पुरे झाला. त्या त्यांच्या काळाचे उत्तर होत्या. औषध नव्हते आणि घरेही बंद होती. आज नव्या रुग्णाला वेगळ्या गावाची गरज नाही, त्याला स्वतःच्याच घरात राहायचे आहे. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी सेवाग्राममध्येच ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. तेव्हा खात्रीचे औषध नव्हते, तरी त्यांनी अंतर राखले नाही. आपल्याकडे औषध आहे आणि अंतरही आहे.

हे अंतर किती महाग पडते, ते राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमाच्या एका नव्या उपायात दिसते. रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना तपासून रिफॅम्पिसिनचा एकच डोस दिला, तर त्यांना रोग होण्याची शक्यता बरीच घटते. पण शेजाऱ्याला डोस द्यायचा तर रोग कोणाच्या घरात आहे हे उघड होते, म्हणून आधी रुग्णाची संमती घ्यावी लागते. ती घेतलीच पाहिजे. खुद्द हॅन्सनने १८७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीला न विचारता तिच्या डोळ्यात रोगाचा अंश टोचला होता. खटला झाला आणि त्याला रुग्णालयातले पद गमवावे लागले. रुग्णाने नकार दिला तर आरोग्यसेविका त्याचे म्हणणे मानते आणि शेजारची दारे न ठोठावता पुढे जाते. त्या दारांमागे राहणाऱ्यांनी याआधी कोणाला कसे वागवले, हे रुग्णाने पाहिलेले असते. त्यांच्या वाटणीचा डोस त्यांच्याच धाकामुळे आरोग्य केंद्रात पडून राहतो.