जाळ्यातील कासव: दया की निष्कृती?

समुद्री कासव पाण्यात राहते, पण श्वास फुफ्फुसांनी घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात पाण्याखाली अडकले की ते गुदमरते. तुटून वाहत गेलेल्या नायलॉनच्या जाळ्याची इजा वेगळी असते. दोर कासवाच्या पराभोवती, म्हणजे पोहण्याच्या चपट्या पायाभोवती, आवळतो, रक्तपुरवठा तुटतो आणि कासव जिवंत असतानाच अवयव सडू लागतो. कोकण किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांना हे दोन्ही धोके आहेत. मासेमाराला कासव नको असते, त्याला मारण्याचा हेतूही नसतो. तरीही इजा होते. उपजीविका करताना अहेतुक घडलेल्या हिंसेचे देणे कोणी आणि कसे फेडावे, हा इथला मूळ धर्मप्रश्न आहे.

भारतीय परंपरेने तो घरापासूनच विचारला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्यांच्यावाचून संसार चालत नाही. म्हणून त्यांच्या निष्कृतीसाठी, म्हणजे दोष फेडण्यासाठी, रोजचे पंचमहायज्ञ सांगितले आणि त्यांतच जीवमात्रासाठी अन्नाचा वाटा काढणारा भूतयज्ञ येतो. जैन आचारशास्त्रही संकल्पी (हेतुपूर्वक केलेली) आणि उद्योगी (उपजीविकेत घडणारी) हिंसा वेगळ्या मानते. पहिली श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, वर्ज्य, दुसरी शक्य तितकी कमी करायची. हेतू नसला की दोष हलका होतो, देणे मात्र उरते. या दृष्टीने कासवावरील उपचार हे दान नसून निष्कृती आहे.

निष्कृतीला सदिच्छेबरोबर ज्ञानही लागते. जाळ्यातून निघालेले निपचित कासव मेल्यासारखे दिसले तरी अनेकदा जिवंत असते. त्याच अवस्थेत पाण्यात टाकले तर ते बुडते. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू थोडी उंच करावी, सावलीत ओलसर राखावे आणि किमान चार तास, गरज पडल्यास चोवीस तास वाट पाहावी, अशी पद्धत आहे. पुढचे काम पशुवैद्याचे: एक्स-रे, सलाईन, प्रतिजैविके, जखमांची सफाई आणि सडलेला पर वाचत नसेल तर शस्त्रक्रिया. कासव थंड रक्ताचे असल्याने जखम हळू भरते. पालघर जिल्ह्यात डहाणू येथे अशा कासवांसाठी उपचार केंद्र आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. पिल्लांपैकी साधारण हजारात एखादेच प्रौढ होते, मग एका कासवासाठी एवढा खटाटोप कशाला? पर्यावरणाच्या हिशेबात याचे उत्तर आहे: वाचलेली प्रौढ मादी पुढे अनेक वर्षे, दर खेपेस शंभराच्या आसपास अंडी घालते. पण धर्माचे उत्तर या हिशेबावर अवलंबून नाही. पिल्लू खेकड्याने खाल्ले तर तो निसर्गक्रम. पर माणसाच्या दोराने तुटला तर ते माणसाचे देणे, आणि ते त्याच कासवाला द्यायचे असते.

हे देणे एकट्या मासेमारावर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण मासळी खाणारा आणि विकणाराही त्यात वाटेकरी आहे. संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने 2018 मध्ये आणली. त्यामागे हाच न्याय दिसतो.

सर्वांत कठीण प्रश्न बऱ्या न होणाऱ्या कासवाचा आहे. पांजरपोळाची परंपरा प्राण्याला अखेरपर्यंत सांभाळते. उलट 1928 मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनेत असलेल्या वासराला इंजेक्शन देऊन मरण देण्याचा निर्णय गांधीजींनी घेतला. वेदना थांबवण्याचा अन्य मार्ग नव्हता, हा त्यांचा आधार होता. त्यावरून मोठा वाद झाला. कासवाबाबत पहिले उद्दिष्ट समुद्रात परत सोडणे हेच असावे. एक पर गमावलेले कासवही पोहू, बुडी मारू आणि भक्ष्य पकडू लागले तर सोडता येते. ते शक्य नसेल आणि वेदना आटोक्यात असतील, तर टाकीत आजन्म सांभाळ. वेदना असाध्य असतील, तरच मरणाचा विचार.

मात्र त्याच चुकीची वाट मोकळी ठेवून केलेली निष्कृती अपुरी असते. कासवाला बाहेर पडू देणारी झडप ट्रॉल जाळ्यात बसवणे, जाळे ठरावीक वेळाने वर ओढून पाहणे, फाटकी जाळी किनाऱ्यावर परत आणणे, हे सारे उपचाराइतकेच या कर्तव्याचे भाग आहेत.