मोजण्याआधीचे काम

काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत एका तरुण मधुमेही रुग्णाचा क्रिएटिनिनचा अहवाल माझ्या सहीने गेला : 2.9. खिडकीपाशी त्याचे वडील उभे होते. "ताई, किडनी गेली का हो त्याची?" "डॉक्टरांना विचारा," एवढेच मी म्हणाले. मनाला स्वस्थता नव्हती, म्हणून पहाटे तेच सॅम्पल बालरुग्णांसाठी राखलेल्या विकरपद्धतीच्या रिएजंटवर लावले. आकडा आला 1.2.

पहिला आकडा माक्स याफे यांनी 1886 मध्ये नोंदवलेल्या पिक्रिक आम्लाच्या रंगक्रियेवरून आला होता. ती स्वस्त आहे, म्हणून आजही टिकून आहे. परंतु कीटोनही तिच्यात क्रिएटिनिनसारखाच केशरी रंग देतात. हे मला ठाऊक होते. तरी सही करण्यापूर्वी मी लघवीतील कीटोनची नोंद पाहिली नव्हती.

दुसऱ्या पद्धतीचा आधार म्हणजे क्रिएटिनेज. स्यूडोमोनास पुटिडासारखे मातीतले जिवाणू क्रिएटिनवर पोसले जातात ते या विकराच्या बळावर. त्याचे जनुक ई. कोलायमध्ये घालून आज ते विपुल प्रमाणात मिळवता येते. दोन समान साखळ्यांचे हे प्रथिन पाण्याच्या साहाय्याने क्रिएटिनचे सार्कोसिन आणि युरिया करते. क्रिएटिनिनला ते स्पर्शही करत नाही. त्याचे आधी दुसऱ्या विकराकडून क्रिएटिन करून घ्यावे लागते.

येथेच एक अडचण उभी राहते. क्रिएटिन रक्तात मुळातच असते. म्हणून पहिल्या रिएजंटमधले क्रिएटिनेज ते आधी फोडते. सार्कोसिनपासून निर्माण होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड कॅटलेज तिथल्या तिथे नष्ट करते. या काही मिनिटांत रंग उमटत नाही, अहवालात त्यांची नोंदही नसते. त्यानंतरच दुसरा रिएजंट पडतो, क्रिएटिनिनचे क्रिएटिन होते, तेच क्रिएटिनेज पुन्हा कामाला लागते आणि या वेळचे पेरॉक्साइड रंग देते.

हा क्रम मी विद्यार्थ्यांना अनेकदा फळ्यावर लिहून दाखवला होता. कर्तव्याचा मोठा भाग अशाच बिनरंगी मिनिटांत पार पडतो, हे मात्र त्या पहाटे उमगले. कीटोनची नोंद पाहायला मला अर्धे मिनिट लागले असते. विकर आपला पहिला टप्पा कधी गाळत नाही. थकलेला माणूस गाळतो, आणि त्याची किंमत खिडकीपलीकडचा कोणीतरी मोजतो.

सकाळी सुधारित अहवाल घेऊन मी स्वतः वॉर्डात गेले. वडील जिन्यात बसून होते. चूक माझी होती, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि बराच वेळ पाहत राहिले.