टेकडीवरून उतरताना

सप्टेंबर महिना आला, की उत्तन-भाईंदरच्या कोळीवाड्यांतून वांद्र्याच्या मोतमाउलीकडे निघण्याची लगबग सुरू होते. ८ तारखेचा पवित्र मरियेचा जन्मोत्सव आणि पुढे आठवडाभराची यात्रा. कुणाच्या हाती मेणबत्ती, कुणाच्या हाती नवसाचे मेणाचे बाळ. गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मला विचारले, "फादर, समुद्राने परत दिलेली मूर्ती ती हीच कशावरून? नसेल, तर आजीचा नवस वाया गेला काय?"

प्रश्न रास्त होता. परंपरा सांगते, की १७०० साली अरब लुटारूंनी सोन्याच्या लोभाने मूर्तीचा उजवा हात तोडला आणि पुढे समुद्रात गेलेली मूर्ती कोळ्यांना सापडली. मी त्या तरुणाला खोटी ग्वाही दिली नाही. फ्रान्समधील व्हेझले या टेकडीवरील लहानशा गावाची कथा मात्र सांगितली.

तेथील मठात संत मग्दालिया मरियेच्या अस्थी आहेत, या श्रद्धेने मध्ययुगात हजारो यात्रेकरू तो चढ चढत. १२६७ साली राजा नववा लुई तेथे नतमस्तक झाला. मात्र १२७९ साली प्रोव्हान्समध्ये त्याच संतिणीच्या अस्थी सापडल्याचे जाहीर झाले, १२९५ साली पोप आठवे बोनिफास यांनी त्यांना मान्यता दिली आणि व्हेझलेची वाट ओस पडत गेली. मग आधीच्या सर्व प्रार्थना व्यर्थ ठरल्या काय?

'भाव तेथे देव' असे आपण चटकन म्हणतो. पण तेवढ्याने भागत नाही. ११४६ साली याच टेकडीवर संत बर्नार्ड यांनी दुसऱ्या क्रूसयुद्धाची हाक दिली, तेव्हा भावाला तोटा नव्हता. त्याच लाटेत ऱ्हाईनकाठच्या निरपराध यहुद्यांची कत्तल झाली. ती थांबवण्यासाठी खुद्द बर्नार्ड यांना धाव घ्यावी लागली. म्हणजे अस्थींनी श्रद्धा सिद्ध होत नाही आणि नुसत्या उत्कटतेनेही ती शुद्ध होत नाही.

स्वतः मग्दालिया मरियेचेच पाहा. ती प्रभूचा देह शोधीत कबरेपाशी गेली होती. देह सापडला नाही; पुनरुत्थित प्रभू भेटला. पण त्याने तिला तेथे थांबू दिले नाही, बंधूंकडे धाडले. यात्रेचा अर्थ याहून निराळा नाही. टेकडीवर आपण काय पाहिले, याचा निवाडा इतिहासकार करोत आणि त्यांनी तो निर्भयपणे करावा. सत्याने माउलीचा मान कमी होत नाही. परंतु टेकडीवरून आपण काय घेऊन उतरलो, याचा जाब प्रत्येकाला द्यावा लागेल.

यात्रेहून परतल्यावर त्या तरुणाच्या आजीने, कित्येक वर्षे अबोला धरलेल्या जावेच्या दारी मिठाईचा पुडा नेऊन दिला. नवस वाया गेला काय, हे त्याने मला पुन्हा विचारले नाही.