न खोडता येणारी वही

आमच्या मंडळीच्या लोखंडी कपाटाची किल्ली गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. पाळकसाहेबांना दोन ठिकाणच्या मंडळ्या पाहाव्या लागतात, म्हणून बाप्तिस्म्याचे रजिस्टर आम्हीच सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात मंडळीतील एक बंधू घरी आले. त्यांच्या धाकट्या बहिणीला नोकरीची संधी आली होती, पण वयाची अट चार महिन्यांनी हुकत होती. शाळेचा दाखला हरवलेला, तेव्हा रजिस्टरातील उताऱ्यावरच सारे अवलंबून. "एका आकड्याला जरा वळण दिले की झाले," ते म्हणाले. गरज खरी होती. वडील नाहीत, घर त्या मुलीच्या शिवणकामावर चालते. आम्ही त्यांना लगेच नकार दिला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. 'उद्या या' म्हटले आणि रात्रभर तळमळत राहिलो.

सकाळी नाही म्हटले. सोबत त्यांचा कॉलेजात शिकणारा पुतण्या होता. तो हसून म्हणाला, "काका, हे रजिस्टर ब्लॉकचेनवर असते, तर तुमची झोप गेली नसती. बदलताच आले नसते!"

हे बोलणे आमच्या मनात रुतून बसले. ज्याला बदलताच येत नाही त्याचा प्रामाणिकपणा आणि किल्ली हाती असूनही जो बदलत नाही त्याचा प्रामाणिकपणा, हे दोन्ही एकच काय? पण आधी ती वस्तू तरी काय आहे हे कळले पाहिजे, म्हणून त्या मुलालाच आम्ही गुरू केले.

गावच्या वाण्याची उधारीची वही घ्या. ती एकट्या वाण्याकडे न राहता गावातल्या घरोघरी तिची नक्कल आहे, अशी कल्पना करा. नवी नोंद झाली की सर्वांच्या वहीत चढते. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानाचा ठसा असतो. ठसा म्हणजे त्या पानातील मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरांची व आकड्यांची एक लांब ओळ. मागील पानातला एक काना जरी बदलला, तरी ठसा पार बदलतो, पुढच्या पानाशी जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. एकाने आपली नक्कल खरवडली, तर बाकीच्या घरांतील नकला त्याला खोटे पाडतात. पानांची ही साखळी म्हणजे ब्लॉकचेन. सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या कोणा अज्ञात व्यक्तीने ऑक्टोबर २००८ मध्ये बिटकॉइन या पैशासाठी ही योजना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये ती वही सुरू झाली. २०१५ साली आलेल्या इथेरियममध्ये करारही लिहून ठेवता येऊ लागले. ठरलेली अट पुरी झाली की देणे आपोआप चुकते होते, मध्ये दलाल नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली तेव्हा ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती. पुढे आपण सारे तेथे लिहू लागलो, फोटो ठेवू लागलो, पण ते थोड्या बड्या कंपन्यांच्या कोठारात. त्यांनी दार लावले की आपले लेखन आणि आपली ओळखही आतच. यावर उपाय म्हणून वही सर्वांची असावी आणि आपल्या वस्तूची किल्ली आपल्याच हाती असावी, असा विचार पुढे आला. त्याला गॅव्हिन वुड यांनी २०१४ साली वेब-३ हे नाव दिले.

हे सर्व परदेशातच आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ साली सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या अशाच साखळीवर नोंदवण्याचे काम हाती घेण्यात आले. बनावट दाखला दाखवून आदिवासी मुलाची जागा दुसऱ्याने बळकवावी, हे जुने दुखणे आहे. एटापल्लीच्या जंगलातील मुलाने मुंबईच्या कचेरीत दाखला पुढे केला, तर तो खरा की खोटा हे साहेबाच्या मर्जीवर राहू नये. नोंद पडताळली की झाले. गरिबाला याचे मोल फार आहे. 'विश्वासाने चालावे' हे सांगणे आम्हां उपदेशकांना सोपे जाते, पण ज्याला वारंवार फसवले गेले त्याला आधी पुरावा हवा असतो.

आणि पुरावा मागण्यात अविश्वास आहे असेही नाही. यिर्मयाने अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुप्यास विकत घेतले, तेव्हा त्याने साक्षीदार बोलावले, तराजूत रुपे तोलून दिले, खरेदीखताच्या मोहोरबंद व उघड्या अशा दोन प्रती केल्या आणि त्या मातीच्या भांड्यात ठेवण्यास बारूखास सांगितले. शहराला वेढा पडलेला असताना! संडेस्कूलच्या शिक्षकांनी हा अध्याय मुलांना जरूर सांगावा. आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या वाटेवर चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा शिलालेख आहे. त्यातील शून्य पाहावयास दूरदूरचे लोक येतात, पण मुळात ती दानाची नोंद आहे: १८७ बाय २७० हात बाग आणि रोज ५० माळा. कोणी पुढे नाकारू नये म्हणून दगडात कोरून सर्वांसमोर ठेवलेली.

परंतु दगडात खोटे कोरले, तर खोटेच टिकते. साखळी एवढेच सांगते की लिहिल्यावर बदल झालेला नाही. लिहिणाऱ्याने खरे लिहिले काय, हे ती सांगू शकत नाही. एटापल्लीच्या कचेरीतही अर्ज पाहून सही करणारा माणूसच असतो. म्हणजे आमची ती रात्र टळत नाही, फक्त नोंदीच्या आधीच्या रात्रीवर जाऊन पडते.

किल्लीचा प्रश्न त्याहून कठीण. या नव्या पैशात किल्ली म्हणजे एक गुप्त आकडा. तो हरवला तर फिर्याद नेण्यास बँकेचा मॅनेजर नाही. ग्वाल्हेरकरांस हे नवे नाही. शिंद्यांच्या गंगाजळी खजिन्याचे बीजक केवळ महाराजांस ठाऊक असे. १८८६ साली जयाजीराव वारले तेव्हा माधवराव नऊ वर्षांचे होते, आणि ते गुपित बापाबरोबरच गेले, असे येथे घरोघरी सांगतात. आमच्या ओळखीच्या एका विधवा भगिनीचे तेच झाले. पतीने निवृत्तीच्या पैशाचा मोठा भाग अशा नाण्यांत घातला होता आणि तो अकस्मात गेला. रक्कम वहीत आहे, जगातील कोणीही ती पाहू शकतो, पण तिला त्यातून औषधाची बाटली आणता येत नाही. आणि किल्ली दुसऱ्याकडे सोपवावी, तर तेथेही धोका आहेच: जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली.

आता ज्या गोष्टीने आम्हांस सर्वांत अस्वस्थ केले ती सांगतो. आमच्या जुन्या रजिस्टरात एका पानावर एका गृहस्थाला मंडळीबाहेर काढल्याची नोंद आहे. पुढे त्यांचा समेट झाला, आणि त्या काळच्या पाळकांनी ती ओळ नाव वाचता येऊ नये इतक्या जाड रेघेने खोडली. कारण लिहिले नाही, तारीख मात्र लिहिली. पौलाने कलस्सैकरांस लिहिताना खोडून टाकलेल्या ऋणलेखाविषयी सांगितले आहे. ते आम्ही त्या पानावरून समजलो, डिप्लोमाच्या वर्गात नव्हे. ज्या शाईने आम्ही मुलीचे वय बदलण्यास नकार दिला, त्याच शाईने ती रेघ ओढली आहे. साखळीच्या वहीला या दोहोंतील फरक कळत नाही.

पुतण्या म्हणाला, "फरक माणसांनी ठरवावा लागतो, काका." आणि त्याने २०१६ ची हकीकत सांगितली. इथेरियमवरील एका सामाईक निधीच्या करारात चूक राहिली आणि कोणी ३६ लाख इथर त्यातून काढून घेतले. नियमाप्रमाणे वही अचल होती. तरी बहुतेकांनी ठरवून ते पैसे परत फिरवले. ज्यांना हे पटले नाही त्यांनी जुनीच वही पुढे चालू ठेवली. ती आजही इथेरियम क्लासिक या नावाने आहे. खोडावे की नाही यावरून दोन मंडळ्या झाल्या म्हणा ना. आम्हां प्रॉटेस्टंटांस यात नवल वाटू नये!

त्या मुलीची ती नोकरी हुकली. भावाने काही आठवडे आमच्याशी बोलणे टाकले, आता बोलतात. पुतण्याने रजिस्टराच्या सर्व पानांचे फोटो घेऊन तीन घरी नकला ठेवण्याचे काम पत्करले आहे, म्हणजे एका किल्लीवर काही राहणार नाही. ते आम्ही आनंदाने मान्य केले. मागील शनिवारी तो त्या खोडलेल्या ओळीच्या पानाशी आला. कागद उजेडासमोर धरला, तर रेघेखालील अक्षरे मोबाइलच्या कॅमेऱ्यात पुसट उमटतात. त्या गृहस्थांची नातवंडे आमच्याच संडेस्कूलला येतात. "हेही पान घेऊ काय?" त्याने विचारले. आम्ही त्याला पुढच्या शनिवारी ये म्हटले आहे.